नववं फूल

सुआझाराने लिंबाच्या काट्याने फुलाची नळीसारखी पाकळी चिरली, आतला नाजूक पडदा काट्याच्या टोकावर उचलला आणि अंगठ्याच्या एका दाबात वरचं पिवळं खालच्या ओल्या भागाला चिकटवलं. लागलं लग्न. पाद्रीबाबांना नुसता घसा खाकरायलाच याहून जास्त वेळ लागतो. हे त्या घोसावरचं आठवं फूल होतं. तिने घोसाचा शेंडा उरलेल्या कळ्यांसकट नखाने खुडला, पालापाचोळ्यात टाकला आणि पुढच्या वेलीकडे वळली.

व्हॅनिलाच्या एका घोसात वीसेक कळ्या धरतात. रोज सकाळी एखादी उमलते, आणि दुपार व्हायच्या आत कुणी तिचं लग्न लावलं नाही तर गळून पडते. माशी नाही, भुंगा नाही, सगळं बाईच्या बोटांवर. पण लग्नं लावायची ती आठच. नववं लावायचं नाही, शेंडा खुडून मोकळं व्हायचं. कारण वेलीला नाही म्हणता येत नाही. पदरात घालाल तितक्या शेंगा ती पोसत बसते आणि पुढच्या हंगामापर्यंत मुळापासून वाळून जाते. सुआझाराच्या सासूने हे तिला समजावून सांगितलं नव्हतं. नवव्या फुलाकडे हात गेला की म्हातारी बोटांवर फाटकन काठी मारायची. बोटं शहाणी झाली ती झालीच.

त्या बोटांसारखी बोटं पंचक्रोशीत नव्हती. वेली मात्र तिच्या नव्हत्या. धाकट्या जावेच्या होत्या, आणि हेच तर सगळं दुखणं होतं.

सासूने हयातीतच वाटण्या केल्या होत्या. थोरल्या तुंबूला, सुआझाराच्या नवऱ्याला, डोंगराचा उतार, धाकट्या जेरारला ओढ्याकाठचा खोलगट तुकडा. तेव्हा सगळे म्हणाले, थोरल्याची चंगळ झाली. मग एका वर्षी वादळ आलं आणि तो उतार झाडांसकट, वेलींसकट नदीत जाऊन बसला. खोलगट तुकड्यातलं एक पानही हललं नाही. तुंबू नीलमणी खणायला दूर दक्षिणेला निघून गेला. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा, आता सापडेलच. सुआझाराने पोरीला, नूमेनाला, बंदराच्या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला ठेवलं. ख्रिसमसला पोर घरी आली तेव्हा म्हणाली होती, "आई, त्या बाईंच्या घरी केक करतात ना, त्याला काकूच्या वेलींसारखा वास येतो." तू खाल्लास का, हे सुआझाराने विचारलं नाही. पोरीनेही सांगितलं नाही.

आणि धाकटी जाऊ ओदेत! बंदराच्या गावची मुलगी. वेलीचं मूळ कुठलं आणि आधाराचं झाड कुठलं, हे लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगावं लागलं होतं. सासूने तिला वेलींना हातसुद्धा लावू दिला नव्हता. "पाव खाणाऱ्या पोरीचे हात हे," म्हणायची. पण म्हातारी गेली आणि वेली आयत्या ओदेतच्या झाल्या. जेरार बंदरावरच्या वखारीत दुसऱ्यांच्या शेंगा निवडायला जायचा, तिथल्या पगारातून त्याने घरावर पत्रे घातले. सुआझाराच्या घरावर ताडाच्या झावळ्या. पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडायचा, पण वाजायचा फक्त ओदेतच्या. रात्रभर सुआझारा अंथरुणात पडून जावेचा पाऊस ऐकायची. आता वर ओदेतला मुलगाही झाला होता, आणि तोही नेमका वेली फुलायच्या दिवसांत. बाळंतिणीने महिनाभर विस्तवाजवळून हलायचं नाही, म्हणून वेलींची लग्नं लावायला थोरल्या जावेला बोलावणं आलं. दिवसाच्या कामाला दुधाच्या डब्याच्या मापाने तांदूळ.

भाताची नवी कापणी अजून लांब होती. सुआझाराच्या चुलीवर उकडलेल्या कसाव्याच्या कंदांखेरीज काही शिजत नव्हतं. ती नाही म्हणणार कशाच्या जोरावर?

दुपारी ती ओदेतच्या दारात उभी राहिली. आत ओदेत मांडीवर पोर घेऊन विस्तवाजवळ बसली होती. चेहरा घामाने डबडबलेला, कानात सोन्याच्या बाळ्या. पोराच्या डोक्याला पिवळी लोकरीची टोपी. इतक्या उकाड्यात लोकरीची टोपी! सुआझाराच्या डोळ्यांत ती टोपी कुसळासारखी गेली. नूमेना झाली तेव्हा तिला जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलं होतं.

"या ना अक्का, आत या. बसा घटकाभर. मला तर या सुईणबाईंनी माशासारखं धुरात टांगलंय नुसतं."

"बसून कसं चालेल? तांदूळ दे, चूल पेटवायचीय."

ओदेतने हात लांबवून पोत्यातून डबा भरून काढला, वरून बोट फिरवून सपाट केला आणि सुआझाराच्या टोपलीत ओतला. ते बोट सुआझारा रोज बघायची. वरचे चार दाणे पोत्यात परत पडायचे. ओदेतच्या मनात काही नसायचं. तिच्या माहेरी दुकान होतं, तिथली सवय. पण ते चार दाणे सुआझारा घरी जाईपर्यंत विसरायची नाही.

"नूमेनाचं काही कळलं?"

"बरी आहे म्हणे."

"मी काय म्हणते अक्का," ओदेत पोराला खांद्यावर घेत म्हणाली, "तिला इकडेच बोलवून घ्या की. परक्यांकडे राबते, ती काकूकडे राहील. बाळाला घेईल, चार भांडी घासेल. पोटभर जेवेल तरी. माझे जुने फ्रॉक पण आहेत दोन, तिला अगदी बरोबर होतील. मी नीट ठेवीन हो तिला."

सुआझाराने टोपलीचं झाकण लावलं. मग उगाच पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"विचारते तिला," ती म्हणाली.

ओदेतचं घर ते तिचं घर, मध्ये केळीची बाग तेवढी. पण त्या दिवशी ती नदीपर्यंत जाऊन आली. ओदेत कजाग असती, कपटी असती, तर किती बरं झालं असतं. भांडता आलं असतं, चार घरी जाऊन सांगता आलं असतं. पण तिने तर मायेनेच बोलावलं होतं. ज्या वेली सासूच्या काठीखाली सुआझाराने पोसल्या, त्या ओदेतच्या. आणि आता सुआझाराची पोर ओदेतचे उतरलेले फ्रॉक घालून ओदेतच्या पोराचे लंगोट धुणार. तेही नीट ठेवलेली. संध्याकाळी तिने भात शिजवला आणि चार घासांवर तिला तो जाईना. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर वेलींत गेली. खालच्या अंगाच्या वेली आधी फुललेल्या, त्यांची लग्नं आटपून शेंडे खुडून झाले होते. वरच्या अंगाच्या आता रंगात आल्या होत्या. पहिल्याच घोसावर आठ शेंगा धरलेल्या, शेंड्याकडे नववं फूल उमललेलं. सुआझाराने शेंडा नखात धरला.

मग सोडला. काटा उचलला, पाकळी चिरली, पडदा उचलला, अंगठा दाबला.

कुणी पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं? बाई काम करतेय, मन लावून करतेय. उलट, अशी कामसू जाऊ सगळ्यांना मिळो म्हणाले असते. त्या दिवसापासून तिने एकही शेंडा खुडला नाही. एकही फूल सोडलं नाही. नववं, दहावं, पंधरावं, घोस संपेस्तोवर रोज जे उमलेल त्याचं लग्न. पावसाची झड असली तरी ती डोक्यावर केळीचं पान धरून गेली. जन्मात इतकं चोख काम तिने कधी केलं नव्हतं. आणि दुपारी ओदेतच्या दारात उभं राहून तांदळाचा डबाही घेतला, रोजच्या रोज.

शेंगा धरल्या त्या अशा की बघत राहावं. एकेका घोसाला हिरव्या बोटांची जुडीच्या जुडी. ओदेत विस्तवाजवळून उठली आणि पोर पाठीला बांधून पहिल्यांदा वेलींत गेली, ती धावतच खाली आली. नदीवर धुणं घेऊन बसलेल्या बायकांना हातवारे करून सांगायला लागली.

"अगं, अशा लटकल्यात, अशा! आमच्या अक्कांच्या हाताला काय गुण आहे म्हणून सांगू! जेरार म्हणायचा, आई गेल्यावर पहिल्या वर्षी बेताचंच येईल. आता बघ म्हणावं."

"सुआझारा, पुढच्या साली आमच्याकडे पण ये गं बाई," एक जण म्हणाली.

"आमच्याकडे हात धुऊन पाणी शिंपडलंस तरी पुरे," दुसरी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

सुआझाराने लुगडं दगडावर आपटलं. जावेचं वाटोळं करायला गेली आणि गावभर जावेच्याच नशिबाचा डंका वाजला. पण तिला माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. एकदा शेंगा धरल्या की दुसऱ्याच्या वेलींत कुणी पाऊल टाकत नाही, चोर समजून हाडं मोडतात. जेरार वखारीतून शेंगा पिकेपर्यंत येणार नव्हता. बघणारं कुणी नव्हतं, आणि जी बघत होती तिला कळत नव्हतं. या वर्षी नाच बाई, सुआझारा मनात म्हणाली. पुढच्या वर्षी बघू.

हे म्हणताना बरं वाटायचं. मग रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बरं वाटणं कुठल्या कुठे जायचं, आणि डोळ्यांसमोर वेली यायच्या. सासूच्या हातच्या वेली. म्हातारीने कुणाकुणाच्या रानातून तोडून आणलेल्या कांड्या, पाठीवर वाहिलेला पाला. सुआझारा कूस बदलायची.

पोर तीन महिन्यांचं झाल्यावर त्याचं जावळ काढलं. पोराची पहिली बट ज्याच्या हाताला गुण आहे अशा माणसाने कापायची. ओदेतच्या माहेरची माणसं आली होती, तिचा दुकानदार बाप आला होता, पण कात्री तिने सरळ सुआझाराच्या हातात दिली.

"बाबांना दे की," सुआझारा म्हणाली.

"बाबांच्या हाताला कसला गुण? उधारी लिहून लिहून बोटं वाकडी झालीत. तुम्हीच कापा, अक्का. तुमचा हात लागला म्हणजे माझ्या वेलींसारखा धरेल तो."

सगळे हसले, बापसुद्धा. पोराने आपल्या इवल्या मुठीत सुआझाराची करंगळी पकडून ठेवली होती. तिने एकाच हाताने कात्री चालवली आणि बट जरा जास्तच कापली गेली. ते केस मध घातलेल्या भोपळ्यात कालवले, आणि लेकरू व्हावं म्हणून दोघी तिघी नव्या सुनांनी झडप घालून खाल्ले. कुणी तरी सुआझाराच्या पानात मांस वाढलं. किती महिन्यांनी मांस! तिने ते खाल्लं, हाड चोखलं, आणि घरी जाऊन केळीच्या बुंध्याशी सगळं ओकून टाकलं.

पुढे शेंगांवर खुणा करायचे दिवस आले. हिरवी शेंग झाडावर असतानाच तिला टाचण्या टोचून खूण करतात. बुचात टाचण्या बसवलेल्या असतात, प्रत्येक घराची नक्षी वेगळी. ती जखम शेंगेबरोबर वाढते, शेंग उकडली, वाळवली, काळी पडली तरी जात नाही. चोराने कुठेही विकायला नेली तरी शेंग आपल्या धन्याचं नाव सांगते. सुआझाराच्या घरची खूण म्हणजे चौकोनात चार टिंबं आणि मधोमध एक. ते बूच उतार वाहून गेल्यापासून आढ्याला खोचलेलं होतं.

एका सकाळी ओदेत दारात आली. पोर पाठीला होतं. नेहमीसारखं हसली नाही, बसतेही म्हणाली नाही.

"अक्का, तुमचं खुणेचं बूच आहे ना अजून?"

"आहे. का?"

"द्या जरा. चार दिवसांनी देते."

"आईंचं तर तुझ्याकडेच आहे की."

"गंजलंय," ओदेत म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

सुआझाराने बूच काढून दिलं. वेली गेल्या, आता एवढं बूच उरलं होतं, तेही घे. बघून नवं करून घेईल आणि चार ठिकाणी मिरवेल.

चार दिवस झाले, आठ झाले. मग ओदेतच्या शेजारची पोरगी बूच घेऊन आली. टाचण्या नव्या होत्या, चकचकीत. पोरगी म्हणाली, "काकूने सांगितलंय, वेलींत एकदा जाऊन या म्हणून."

सुआझारा गेली. आपण काय करून ठेवलंय ते बघायची तिची छाती होत नव्हती, म्हणून इतके दिवस ती तिकडे फिरकली नव्हती. खालच्या अंगाच्या वेली हिरव्यागार, शेंगा टपोऱ्या, त्यांवर ओदेतच्या घरची खूण. ती वर सरकली. एका फणसाच्या आधाराने चढलेल्या वेलीपाशी थांबली. खालच्या घोसावर ओदेतची खूण होती. त्याच वेलीच्या वरच्या घोसावर चौकोनात चार टिंबं आणि मधोमध एक.

तिने शेंग पालथी करून पाहिली. दुसरी पाहिली. पुढच्या वेलीवर गेली. मग तिथून वर, ओढ्याच्या उगमापर्यंत, प्रत्येक शेंगेवर तिचीच खूण होती.

ती तिथेच पाल्यावर बसली. हे दान होतं; ज्याची खूण, त्याच्याच शेंगा आणि त्याच्याच वेली. टोचलेली खूण परत घेता येत नाही, वखारीत नाही, गावात नाही, देवापुढे नाही. वरचं अर्धं रान सुआझाराचं झालं होतं. पहिल्यांदा आनंदच झाला, सरळ, भुकेल्या माणसाला होतो तसा. इतक्या शेंगा! नूमेना शेंगा विकल्या की घरी येईल. झावळ्या काढून पत्रे घालता येतील. आपलाही पाऊस वाजेल. आणि ओदेत, बावळट बाई, अर्धं रान देऊन बसली! आपल्याच वेलींत बसून, आपल्याच शेंगा हातात घेऊन, तिला क्षणभर त्या बाईचा हेवाच वाटला. इतकं देऊन टाकायला माणसाकडे किती असावं लागतं!

मग तिने मान वर केली आणि पानं पाहिली.

पानं पिवळी पडायला लागली होती. खालच्या कांड्यांवर सुरकुत्या आल्या होत्या. शेंगा होत्या, पण बारीक, एकमेकींना रेटत लटकलेल्या, एकीलाही पोटभर मिळालं नव्हतं. वेल आपलं रक्त आटवून त्या सगळ्यांना पाजत होती. आणखी चार महिन्यांनी शेंगा पिकतील, आणि त्यानंतर वेल मरेल. नूमेना एक हंगाम घरी राहील आणि मग पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या मोरीत भांडी घासायला जाईल. विष कुणासाठी कालवलं होतं आणि ताट कुणापुढे आलं! सुआझारा स्वतःशीच हसली.

अजून वेळ होता. थोडासा. आठ ठेवून बाकीच्या आत्ताच खुडल्या तर वेली वाचल्या असत्या, निदान बऱ्याचशा. पण मग या हंगामात पत्रे नाहीत, आणि नूमेनाही नाही. तिने बराच वेळ तो घोस नुसता हातात धरून ठेवला. नऊ शेंगा, दहा शेंगा, पंधरा. प्रत्येकीवर तिचं नाव.

तिने शेंड्याकडची एक खुडली. पाल्यावर टाकली. मग दुसरी.

एकदा सुरू केल्यावर हात थांबले नाहीत. सहाव्या सातव्या वेलीपाशी आली तेव्हा मागे हिरव्या शेंगांचा सडा पडला होता, आणि त्या सड्यापलीकडे ओदेत उभी होती. पोर पाठीवर झोपलेलं. किती वेळची उभी होती कोण जाणे.

सुआझारा उठली. हातातली शेंग कुठे लपवावी हेही तिला कळेना. दिलेलं दान असं मातीत फेकलेलं जावेने डोळ्यांनी पाहिलं होतं. काय सांगणार होती? खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"ओदेत, हे मी..."

ओदेत सडा चुकवत पुढे आली, शेजारच्या वेलीपाशी उकिडवी बसली आणि तिने एक घोस हातात घेतला. तिचे ओठ हलले. मग शेंड्याकडून एकेक शेंग ती खुडू लागली, नवशिक्या, आडव्या नखाने. थांबली. पुढचा घोस घेतला.

तिने मागे काय ठेवलंय ते सुआझाराने पाहिलं. आठ.

"आठ ठेवायच्या हे तुला कुणी सांगितलं?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आईंनी तर तुला..."

"आईंनी मला हात कुठे लावू दिला?" ओदेत घोसाकडेच बघत म्हणाली. "पानं पिवळी दिसायला लागली म्हणून मोजायला बसले. आधी खालच्या मोजल्या. प्रत्येक घोसावर आठ, शेंडा खुडलेला. एकावरही चूक नाही."

तिने आणखी एक शेंग खुडून टाकली.

"मग वरच्या मोजल्या."

सुआझारा हळूच खाली बसली. फणसाच्या त्या वेलीवर दोन खुणा एकमेकींखाली का होत्या, ते आता तिला कळलं: जिथवर आठ, तिथवर ओदेतची.

"मग माझी खूण कशाला केलीस?"

"रागाने केली," ओदेत म्हणाली. "जेरारला सांगणार होते. गावाला सांगणार होते. मग म्हटलं, नको, घे म्हणावं, तू केलंस ना, तूच घे. बूच मागायला आले तेव्हा नुसती धुमसत होते मी." ती अंगठा चोखत थांबली. "पण इतक्या शेंगा टोचायच्या म्हणजे काय! दोन दिवसांत अंगठ्याला फोड आले. टोचता टोचता राग कुठवर पुरणार?"

सुआझाराने मान खाली घातली. पोर झोपेतच कुरकुरलं तशी ओदेतने बसल्या बसल्या अंग झुलवलं. कानातल्या बाळ्या हलल्या. तेवढ्यातही सुआझाराची नजर त्या बाळ्यांवर गेलीच, जित्याची खोड.

"घोसाला रोज एकच फूल येतं ना, अक्का?" ओदेत म्हणाली. "मग दिवसही मोजता येतो. मी मोजला." तिने घोस हातातून सोडला. "फ्रॉकचं मी बोलायला नको होतं."

सुआझाराने डोळे पुसले नाहीत, कारण हाताला शेंगांचा चीक होता आणि तो डोळ्यांत गेला तर आग होते. ती पाल्यावरून सरकत ओदेतच्या बाजूला आली, तिच्या वेलीवरचा पुढचा घोस उचलून तिच्यासमोर धरला.

"शेंड्याकडूनच नको खुडत बसू," ती म्हणाली. "आत दबलेल्या बघ. वाकड्या बघ. त्या आधी काढायच्या. आणि नख आडवं नको, असं उभं."

ओदेतने नख उभं धरलं. एक काढली, आणखी एक काढली, मग काढतच गेली. बंदराच्या गावची पोर ती, हाताला एकदा वेग आला की थांबायचं कुठे हे तिला कळायचं नाही. तिचं नख आठातल्या एकीकडे गेलं, तशी सुआझाराने तिच्या बोटांवर फाटकन चापट मारली.

"आई गं!" ओदेत म्हणाली आणि हात झटकला.

"हां," सुआझारा म्हणाली. "आता विसरणार नाहीस."